एअरबॅग सहा, सूट शून्य: मग विम्याचे पैसे वाचतात कुठे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. तुम्ही नाशिकचे. २०१९ साली घेतलेली १,१९७ सीसीची हॅचबॅक एक्स्चेंजमध्ये देऊन आता तेरा लाखांची, १,४९७ सीसीची एसयूव्ही घेताय. सहा एअरबॅग, क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार, पुढच्या काचेवर कॅमेरा, आपोआप ब्रेक लावणारी एडास, सगळं आहे. न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो की तिकडे एअरबॅगला सूट, एबीएसला सूट, नीट चालवणाऱ्याला सूट. शोरूममधला विम्याचा माणूस मात्र म्हणतो, 'सर, आपल्याकडे तसं काही नसतं.' खरं कोण बोलतंय, आणि एवढ्या सुरक्षित गाडीचा प्रीमियम कमी कसा करायचा? शिवाय चालवणं मोजणाऱ्या ॲपचंही विचारलंय.

दोघंही खरं बोलतायत. न्यू जर्सीत मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला की तीन वर्षं प्रीमियममध्ये सवलत मिळते, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्या एअरबॅग-एबीएस मोजतात. आपल्याकडचा विमा वेगळ्या मापाने मोजला जातो. मी बावीस वर्षं मोटर सर्व्हेअर म्हणून काम केलंय, म्हणजे गाडी ठोकली की कंपनी ज्याला गॅरेजला पाठवते तो माणूस. गेली काही वर्षं लोकांना पॉलिसी निवडून द्यायचंही काम करतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की दिसली. लोक सूट शोधतात गाडीच्या ब्रोशरमध्ये, आणि पैसे असतात क्लेम न केलेल्या वर्षांमध्ये. सहा एअरबॅगांचा प्रीमियमशी थेट संबंध जवळपास नाही. तुमच्या चालवण्याचा आहे, पण तोही आडवाटेने.

प्रीमियमचे दोन तुकडे असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. हा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ आहेत. नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशानंतर हे सुरू झालं. तुमच्या गटात ते तीन वर्षांचे १०,६४० रुपये होतात. इथे कोणी घासाघीस करू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. तुम्ही संतासारखी गाडी चालवा नाहीतर रावणासारखी, दर तोच. गंमत म्हणजे याच दरपत्रकात इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के आणि हायब्रीडला साडेसात टक्के सवलत आहे. बॅटरीला मिळाली, एअरबॅगला नाही.

दुसरा तुकडा ओन डॅमेज, आमच्या भाषेत ओडी. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, पूर, आग, सगळं यात. वाचवायचं ते इथेच. २००७ च्या सुरुवातीला ओडीचे सरकारी दर उठले आणि कंपन्यांना मोकळीक मिळाली. तरी जुन्या टॅरिफचा सांगाडा अजून आतून दिसतो. गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही, सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचं शहर यावर मूळ दर निघतो. मुंबई-पुणे 'अ' झोनमध्ये, नाशिक 'ब' झोनमध्ये. त्यामुळे तीच गाडी पुण्यात घेणाऱ्या तुमच्या मित्राला मूळ दर किंचित जास्त लागतो. त्या मूळ दरावर कंपनी आपल्या अंदाजाने सूट देते. कुठल्या मॉडेलचे क्लेम जास्त येतात, पार्ट किती महाग आहेत, हे ती तिथे धरते. म्हणजे सुरक्षित गाडीचा फायदा असलाच तर तो त्या आकड्यात विरघळलेला असतो. 'एअरबॅग सूट' अशी वेगळी ओळ पॉलिसीवर तुम्हाला सापडणार नाही.

वेगळ्या ओळीने मिळणाऱ्या दोन सवलती त्या टॅरिफमध्ये होत्या आणि अजून काही कंपन्या देतात. एक, एआरएआयने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर ओडीवर अडीच टक्के, पण कमाल ५०० रुपये. एआरएआय म्हणजे आपल्या पुण्याची, कोथरूडच्या टेकडीवरची, वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था. गाडीत कंपनीने दिलेला इमोबिलायझर आहे एवढ्यावर भागत नाही, त्या उपकरणाचं प्रमाणपत्र लागतं. दुसरी, मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचे सभासद असाल तर पाच टक्के, कमाल २०० रुपये. सभासद व्हायचे पैसे त्याहून जास्त लागतात, तेव्हा एवढ्यासाठी धावपळ करू नका. आधीपासून सभासद असाल तर मात्र २०० रुपये सोडायचे कशाला, मागा.

आता जरा उलटं सांगतो. सुरक्षेची साधनं गाडीत असली की काही बाबतीत विमा महागच पडतो. कारण दुरुस्ती महागते. पूर्वी पुढचा बंपर म्हणजे प्लॅस्टिकचा एक तुकडा होता. आता त्याच्या मागे रडार असतं. काच फुटली की काच बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो आणि त्याचं वेगळं बिल येतं. एअरबॅग उघडल्या तर डॅशबोर्ड, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, मॉड्यूल अशी यादी लांबत जाते. पत्र्याच्या कामापेक्षा ती यादीच मोठी झालेली एस्टिमेटं मी पाहिली आहेत. त्यात साध्या पॉलिसीत एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांच्या रांगेत टॅरिफने एअरबॅग बसवली आहे. एक लाखाच्या एअरबॅग बदलल्या तर पन्नास हजार तुमच्या खिशातून. म्हणून नव्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा कापू न देणारं जोड-कव्हर (ॲड-ऑन), घ्याच. ही खर्च वाढवणारी सूचना वाटेल, पण पाच वर्षांच्या आतल्या, एअरबॅगांनी भरलेल्या गाडीला ते ॲड-ऑन टाळून वाचवलेले पैसे मी तरी वाचवलेले धरत नाही.

गाडी जुनी झाली की आणखी एक गोष्ट होते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. आठ वर्षांच्या गाडीत चार एअरबॅग उघडल्या की पत्रा बरा असूनही गाडी भंगारात जाऊ शकते. त्यातले लोक चालत घरी गेलेले असतात, हे विसरू नका. एअरबॅग त्यासाठी घ्यायच्या. प्रीमियमसाठी घेतल्या तर निराशाच होईल.

मग पैसे कुठे वाचतात? नो क्लेम बोनसमध्ये. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की ओडीवर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. तिथून वर जात नाही. एक क्लेम झाला की शिडीवरून थेट खाली, शून्यावर. आणि ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो ते असं की बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो.

तुमच्या प्रश्नात याचा उल्लेखच नाही, म्हणून मला काळजी वाटली. तुमची हॅचबॅक २०१९ पासूनची. एकही क्लेम केला नसेल तर तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. ती एक्स्चेंजमध्ये गेली की बोनस तिच्याबरोबर जात नाही, तुम्हाला तो नव्या गाडीवर लावता येतो. समजा नव्या एसयूव्हीचा ओडी बोनसआधी २६,००० रुपये निघाला. ५० टक्के म्हणजे १३,०००, वर १८ टक्के जीएसटी २,३४०. एकूण १५,३४० रुपये. तुम्ही शोधताय त्या सगळ्या सवलती एकत्र केल्या तरी एवढ्या होणार नाहीत. शोरूमचा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही. मागे आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने एक्स्चेंजमध्ये गाडी दिली. पाच वर्षांचा स्वच्छ बोनस होता. विमा सेल्समनने 'पॅकेजमध्ये' करून टाकला, त्यात बोनसचा रकाना कोरा. माझ्याकडे पॉलिसी दाखवायला आणली तेव्हा गाडीवर हार सुकून गेला होता.

तर करायचं असं. जुन्या गाडीच्या विमा कंपनीला गाडी विकल्याचा पुरावा द्या, म्हणजे विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती किंवा डीलरने गाडी ताब्यात घेतल्याचं पत्र, आणि बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. हे पत्र तीन वर्षं चालतं. नवी गाडी बुक केल्यावर नाही, आधीच मागा, कारण काही कंपन्या आठवडाभर घेतात आणि डिलिव्हरीचा मुहूर्त कोणी पुढे ढकलत नाही. पत्र हातात नसताना 'बोनस आहे हो' असं तोंडी सांगून पॉलिसी काढू नका. नवी कंपनी जुनीला विचारते. मधे क्लेम झालेला निघाला तर पुढे मोठ्या अपघाताच्या वेळी हाच मुद्दा ओडीच्या क्लेमच्या आड येतो. मी सर्व्हेअर असताना असे क्लेम अडकलेले पाहिलेत, आणि तेव्हा कोणाचं काही चालत नाही.

विमा शोरूमकडूनच घ्यायला हवा असंही नाही. त्यांचं कोटेशन घ्या, बाहेरची दोन घ्या, आणि तीन कागद शेजारी ठेवून आयडीव्ही, झिरो डेप, इतर ॲड-ऑन सारखे आहेत का ते बघा. सारखे केल्याशिवाय तुलना करू नका. स्वस्त वाटणाऱ्या कोटेशनमध्ये बऱ्याचदा आयडीव्ही खाली ओढलेली असते. काही शे रुपये कमी होतात आणि गाडी चोरीला गेली तर लाख-सव्वा लाख.

आता सुरक्षित चालवण्याकडे येतो. बोनसचं नाव 'नो क्लेम' आहे, 'नो चूक' नाही. सिग्नलला तुम्ही नीट उभे, मागून टेम्पोवाल्याने ठोकलं, चूक पूर्ण त्याची. कागदावर तुम्ही त्याच्या थर्ड पार्टी विम्यावर दावा लावू शकता. प्रत्यक्षात दोन महिने गाडी उभी ठेवून, पोलीस कागद आणि न्यायाधिकरणाच्या चकरा मारायला किती जण तयार असतात? सगळे आपल्याच ओडीतून गाडी करून घेतात, आणि बोनस जातो. म्हणजे तुमचं ड्रायव्हिंग चांगलं असून पुरत नाही. दुसऱ्याच्या वाईट ड्रायव्हिंगपासून लांब राहायची सवय लागते. मागचा फार चिकटला तर मी हळूच डावीकडे जाऊन त्याला जाऊ देतो. माझा मुलगा चिडतो. त्याला सांगतो, हा पुढे गेला म्हणून माझे अकरा हजार वाचले.

अकरा हजार कुठून आले? समजा चार वर्षं जुनी गाडी, बोनसआधी ओडी ९,००० रुपये आणि बोनस ५० टक्के. म्हणजे तुम्ही भरताय ४,५००. क्लेम केलात तर पुढच्या वर्षी ९,०००, मग ७,२००, ६,७५०, ५,८५०, ४,९५०, आणि तेव्हा कुठे पुन्हा ४,५००. दर वर्षीचा फरक मांडला तर ४,५००, २,७००, २,२५०, १,३५०, ४५०. बेरीज ११,२५०. जीएसटी धरून १३,२७५. गाडीची किंमत दर वर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण अंदाज हाच.

आता दुसरी बाजू बघा. द्वारका सर्कलजवळच्या एका गॅरेजमध्ये एका शिक्षिकाबाईंची गाडी आली होती, पुढचा बंपर चिरलेला. एस्टिमेट दहा हजार, सहा हजारांचा बंपर आणि चार हजारांचं पेंटिंग. झिरो डेप नव्हतं. प्लॅस्टिक म्हणून बंपरचे निम्मे, ३,००० कापले. पेंटिंगच्या एकत्रित बिलात एक चतुर्थांश रंगाचा माल धरतात आणि त्या मालावर ५० टक्के घसारा, म्हणजे ५०० गेले. राहिले ६,५००. त्यातून सक्तीचे १,००० वजा, जे १,५०० सीसीपर्यंतच्या प्रत्येक क्लेममध्ये कापलेच जातात. कंपनी देणार ५,५००. आणि त्यासाठी बाई सोडणार होत्या तेरा हजार. मी सर्व्हेला आलेलो असूनही म्हटलं, मॅडम, क्लेम मागे घ्या आणि गॅरेजवाल्याला बंपर वेल्ड करून रंगवायला सांगा. तो माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या ताटातली भाकरी उचलली.

हा हिशेब परिस्थितीप्रमाणे बदलतो. तुम्ही २० टक्क्यांवर असताना क्लेम केला तर त्याच ९,००० च्या ओडीवर तोटा साधारण ७,२०० चा, अधिक जीएसटी. शून्यावर असाल तर फक्त एक पायरी चुकते. झिरो डेप असेल तर कंपनी जास्त देते. बोनस वाचवणारं ॲड-ऑन असेल तर वर्षात ठरावीक क्लेम माफ असतात, ते किती हे पॉलिसीत वाचा. म्हणून 'छोटा क्लेम कधीच करू नका' असा सरसकट नियम मी देत नाही. दर वेळी कागदावर चार ओळी मांडा. आणि दुसऱ्या कोणाला लागलं असेल किंवा त्याचं नुकसान झालं असेल तर हिशेब बाजूला ठेवून लगेच कंपनीला आणि पोलिसांना कळवा. तिथे लपवाछपवी महागात पडते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, थर्ड पार्टीत काही वाचत नाही. एअरबॅगची वेगळी सूट नाही. जुन्या गाडीचा बोनस नव्यावर आणणं हा तुमचा सगळ्यात मोठा फायदा. त्यानंतरचा प्रत्येक रुपया क्लेम टाळण्यातून येणार.

आणि क्लेम टाळायला गाडीतली साधनं नक्की कामाला येतात, फक्त ब्रोशरमध्ये ठळक छापलेली नव्हेत. माझ्यासमोर आलेल्या गाड्यांमध्ये मोठ्या अपघातांपेक्षा रिव्हर्स घेताना ठोकलेल्या, सोसायटीच्या खांबाला घासलेल्या, सिग्नलला पुढच्याला टेकलेल्या गाड्या कितीतरी जास्त. त्यावर उपाय रिव्हर्स कॅमेरा आणि सेन्सर. सेन्सर २०१९ च्या जुलैपासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचेच आहेत, कॅमेरा नसेल तर बसवून घ्या. पावसाळ्यात लेन्सवर चिखलाचा थर बसतो, तो पुसायची सवय लावा. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा लोक दुसऱ्याच आठवड्यात बंद करतात, कारण मध्येच कोणी दुचाकी घुसवली की ती दचकवते. शहरात बंद ठेवायची तर ठेवा, पण मुंबई महामार्गावर आणि समृद्धीवर चालू असू द्या. आणि तिचा ब्रेक लागू नये एवढं अंतर पुढच्यापासून ठेवा. मागच्याची गाडी तुमच्यासारखी हुशार असेलच असं नाही.

सीट कव्हरचं वेगळं सांगावं लागेल. तुम्ही नवी गाडी घेताच ॲक्सेसरीवाला चामड्यासारखी कव्हरं दाखवेल. साइड एअरबॅग सीटच्या कडेला शिवलेली असते, तिथे कापडाचा एक छोटा टॅग असतो. मी एका गाडीत बघितलं, कव्हर त्या टॅगवरून घट्ट ओढून जाड दोऱ्याने दुहेरी टाका घातलेला. धक्का बाजूने बसला होता, एअरबॅग फुगायला गेली आणि कव्हरातच अडकली. ड्रायव्हरच्या बरगड्यांना मार लागला, नशीब म्हणून वाचला. सहा एअरबॅगांचे पैसे देऊन त्यातल्या दोन शिवून टाकायच्या, हे मला आजवर कळलेलं नाही. साइड एअरबॅगसाठी कडेला शिवण मोकळी ठेवलेली कव्हरं मिळतात, तीच घ्या. बंपरपुढे लोखंडी गार्डही लावू नका, त्यावर बंदी आहे आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडतं. सीटबेल्टचा आवाज बंद करायला नुसती क्लिप अडकवणारेही आहेत. बेल्टशिवाय उघडणारी एअरबॅग तोंडावर बुक्की मारल्यासारखी येते. मागच्या सीटलाही बेल्ट लागतोच. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या सायरस मिस्त्री यांच्या अपघातानंतर महिनाभर सगळ्यांनी लावला, मग विसरले.

टायरकडे लक्ष द्या. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात, म्हणजे '२३१९' असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर कायद्यानेही बाद. समृद्धीवर सिमेंटवरून उन्हात शे-सव्वाशेने दोन तास गेलात की टायर तापतात. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर गार असताना हवा तपासा, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी ठेवा. कसारा घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. ब्रेक दाबत उतरलेल्या गाडीचा खालच्या वळणावर येणारा तो जळका वास एकदा घेतलात की पुन्हा तसं करणार नाही.

आपल्या नाशिककरांसाठी आणखी एक. गोदाघाटावर पावसाळ्यात गाडी लावू नका. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलं की दरवर्षी कोणाची तरी गाडी तिथे अडकलेली असते. पुराचं नुकसान ओडीत येतं, पण पाण्यात बुडालेली गाडी चालू करून इंजिन बिघडवलं तर साधी पॉलिसी ते मान्य करत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन लागतं. पाणी ओसरल्यावर चावी फिरवायची नाही, टो करून न्यायची. चावीच्या त्या एका फेऱ्याची बिलं मी लाखाच्या वर गेलेली पाहिलीत.

तुम्ही ॲपचं विचारलंत. २०२२ च्या जुलैमध्ये विमा नियामकाने दोन प्रकारच्या ॲड-ऑनना परवानगी दिली, किती चालवता त्यावर आणि कशी चालवता त्यावर. पहिल्यात तुम्ही वर्षाचे किलोमीटर ठरवता आणि ओडी त्याप्रमाणे कमी होतो. आठवड्यातले तीन-चार दिवस घरून काम असेल, गाडी फक्त शनिवार-रविवारी निघत असेल, तर हे फायद्याचं. पण किलोमीटर संपल्यावर काय, टॉप-अप मिळतो का, की क्लेममध्ये कपात होते, हे कंपनीगणिक बदलतं, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. दर महिन्याला मुंबईला जाऊन येणाऱ्याने याच्या नादी लागू नये. दुसऱ्यात मोबाइल किंवा गाडीतलं उपकरण वेग, जोरात मारलेले ब्रेक, वळणं, चालवताना फोन हाताळणं असं मोजतं आणि नूतनीकरणाच्या वेळी त्यावर सूट देतं. माझ्या मते याचा खरा उपयोग सूट नाही, आरसा म्हणून आहे. मी स्वतः तीन महिने लावून बघितलं. मी स्वतःला शांत ड्रायव्हर समजत होतो. ॲपचं मत तसं नव्हतं. बायकोचं तर आधीपासूनच नव्हतं. वाहतूक नियम मोडले की प्रीमियम वाढवायचा, असा एक प्रस्तावही २०२१ मध्ये नियामकाने चर्चेला ठेवला होता, त्यामुळे हा रस्ता पुढेमागे येणार हे गृहीत धरायला हरकत नाही.

नुकसानीचा जास्त वाटा स्वतःहून उचलायचं मान्य केलं, म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल घेतलं, तरी प्रीमियम उतरतो. टॅरिफमधले आकडे असे आहेत. २,५०० रुपयांचा वाटा घेतला तर २० टक्के पण कमाल ७५०, ५,००० घेतला तर २५ टक्के पण कमाल १,५००, आणि १५,००० ला ३५ टक्के पण कमाल २,५००. तुम्ही छोटे क्लेम करणारच नसाल तर ५,००० वाला बरा. १५,००० वाल्यात सूट फारशी वाढत नाही आणि धोका तिप्पट होतो. नवशिका मुलगा गाडी चालवणार असेल तर पहिली दोन वर्षं याच्या वाटेला जाऊ नका.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा बघा. २०१९ पासून तो स्वतंत्र घेता येतो. तुमच्याकडे १५ लाखांचा वेगळा अपघात विमा असेल किंवा घरातली दुसरी गाडी तुमच्या नावावर असून तिच्यावर तो असेल, तर पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं लिहून द्यावं लागतं एवढंच. शोरूममध्ये तो तीन वर्षांचा एकदम लावलेला असतो, पाहून घ्या. यातलं एकही नसेल तर मात्र हा विमा घ्याच.

नूतनीकरण विसरू नका. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की वर्षानुवर्षं जमवलेला ५० टक्के बोनस साफ होतो, तोही एकही अपघात न करता. मोबाइलवर दोन आठवडे आधीची आठवण लावून ठेवा. पहिल्या वर्षानंतर नव्या गाडीचा ओडी दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो, थर्ड पार्टी जिथे आहे तिथेच राहते. तेव्हा दर वर्षी दोन कोटेशनं मागवायला आळस करू नका.

आता तुम्ही एवढं करा. जुन्या हॅचबॅकच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर नो क्लेम बोनससमोर किती टक्के छापलंय, पॉलिसी कोणत्या तारखेला संपते, आणि शोरूमच्या कोटेशनमध्ये आयडीव्ही व ओडी किती धरलाय, ते इथे लिहा. नाव, पॉलिसी क्रमांक, गाडीचा नंबर टाकू नका. आकडे कळले की नेमका किती फरक पडतो ते मांडून देतो. आणि बोनसचं पत्र मिळेपर्यंत एक्स्चेंजच्या कागदांच्या झेरॉक्स कोणाला देऊन टाकू नका.